वाचकांचे प्रश्न : ‘कन्सिलियन्स’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : माझ्या मुलीच्या तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात ‘कन्सिलियन्स’ हा शब्द आला आहे. ‘कन्सिलिएशन’ म्हणजे समेट, मग हा पुराव्यांचा समेट समजायचा का?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : समेट समजू नये, कारण दोन्ही शब्दांची कुळे वेगळी आहेत. ‘कन्सिलियन्स’ म्हणजे मुळात एकत्र उडी : लॅटिनमध्ये ‘कॉन’ म्हणजे सह आणि ‘सालीरे’ म्हणजे उडी मारणे. ‘रिझिलियन्स’ हा शब्दही याच धातूचा. इंग्रज विचारवंत विल्यम ह्यूएल यांनी १८४० साली विज्ञानाच्या तत्त्वज्ञानावरील ग्रंथात ही संज्ञा योजली. एका जातीच्या घटनांवरून काढलेला सिद्धांत जेव्हा अगदी निराळ्या जातीच्या घटनांचाही उलगडा करतो, तेव्हा तो विशेष विश्वासार्ह ठरतो, असे त्यांचे म्हणणे होते. न्यूटनचे उदाहरण पाहा. ग्रहांच्या भ्रमणावरून सिद्ध झालेल्या गुरुत्वाकर्षणानेच, सायन-निरयन पंचांगांच्या वादामुळे आपल्या परिचयाचे झालेले अयनचलनही उलगडले : सूर्यचंद्रांची ओढ पृथ्वीच्या विषुववृत्तालगतच्या फुगवट्यावर पडते आणि संपातबिंदू (सूर्य जिथे आला की दिवस-रात्र समान होतात तो बिंदू) वर्षाला सुमारे ५० विकला मागे सरकतो; विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग.

पुरावे परस्परांवर अवलंबून नसणे, हे यातले मर्म आहे. तुमच्या वडोदऱ्यातल्या काळा घोड्याच्या पुलावरून विश्वामित्री नदीला पाणी चढलेले दिसले, तरी तेवढ्यावरून तिच्या उगमाकडे, पावागडाकडे पाऊस झाला असे म्हणता येत नाही. आजव्याच्या तलावातून पाणी सोडलेले असू शकते. मात्र पावागडाजवळच्या हालोलहून आलेली एसटीही चाकांपासून खिडक्यांपर्यंत चिखलाने माखलेली असेल, तर अनुमानाला बळकटी येते. याउलट एकाच बातमीदाराची बातमी चार वर्तमानपत्रांत छापून आली, तरी पुरावा एकच राहतो.

म्हणूनच ‘एकवाक्यता’ मला अपुरी वाटते; ती साक्षीदारांनी आपसांत ठरवूनही होऊ शकते. न्याय या भारतीय दर्शनातला ‘प्रमाणसंप्लव’, म्हणजे एकच गोष्ट अनेक प्रमाणांनी (ज्ञानाच्या साधनांनी) कळणे, हा शब्द अधिक जवळचा आहे. वात्स्यायनाच्या न्यायभाष्यात अग्नीचे उदाहरण आहे : तो आधी आप्तवचनाने, म्हणजे विश्वासू माणसाच्या सांगण्यावरून कळतो, जवळ जाताना धुरावरून अनुमानाने आणि अगदी जवळ गेल्यावर प्रत्यक्ष. शिवाय ‘संप्लव’ मधला ‘प्लु’ धातू मंडूकप्लुतीतलाच (बेडूकउडीतलाच), म्हणजे येथेही उडी आहेच! हा योग मला फार मोलाचा वाटतो. फरक इतकाच की संप्लवात अनेक प्रमाणांचा विषय एक असतो, तर ह्यूएल यांच्या संज्ञेत एकच तत्त्व अनेक विषयांतून हाती येते. तेवढा अर्थविस्तार करून हा शब्द जरूर वापरावा. परीक्षेत मात्र मुलीने ‘कन्सिलियन्स’ असेच लिहून पुढे ‘परस्परनिरपेक्ष पुराव्यांचा मेळ’ असा खुलासा करावा.