देवाची वचनं पाठ असूनही भीती का जात नाही? माझा विश्वास कच्चा आहे का?

तुम्ही लिहिलंय, आईचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे, रोज प्रार्थना करता, तरी रात्री छातीत धडधडतं. त्यावरून विश्वास कच्चा ठरत नाही. बायबलच्या ५६ व्या स्तोत्रात दावीद राजा म्हणतो की मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. भीती वाटणार, हे त्यानं धरूनच ठेवलंय.

आम्ही नाशिकला शरणपूर रोडला राहतो. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात ह्यांच्या मानेत गाठ निघाली. बायोप्सीचा रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, गोदावरीला पूर. अशा वेळी नाशिककर एकच विचारतात, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला, त्यावरून पुराचा अंदाज. मी पुलावर उभी राहून ते गढूळ पाणी बघत होते आणि बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाच्या ४३ व्या अध्यायातलं वचन आठवलं: तू जलांतून चालशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन. लहानपणापासून पाठ. पण त्या दिवशी पहिल्यांदा ‘तेव्हा’ हा शब्द कानाला लागला. पाण्यात उतरायची वेळच येणार नाही, असं अभिवचन मुळात दिलेलंच नाही! मी मात्र तेच धरून बसले होते, म्हणून पाणी चढलं की वाटायचं, देवानं शब्द मोडला.

यिर्मयाच्या पुस्तकातल्या २९:११ या वचनाचंही तेच. देवाचे संकल्प हिताचे आहेत, हे वचन कॅलेंडरवर छापतात, पण त्याच्या आधीची ओळ कोणी छापत नाही. हे यिर्मयानं बाबेलात बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे; त्यांना तिथे ७० वर्षं काढायची आहेत, आणि तोवर घरं बांधा, मळे लावा, असं त्याच पत्रात सांगितलंय. वचन एकटं काढून घेऊ नका, अख्खा अध्याय वाचा. मला तरी त्यानंच धीर आला.

तरीही रिपोर्टच्या आदल्या रात्री माझ्या तोंडून प्रार्थना निघेना. बायबल उघडलं, अक्षरं दिसत होती, पण डोक्यात काही शिरत नव्हतं. सासूबाई लसूण सोलत होत्या. पदराला हात पुसून शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “तुला म्हणवत नाही ना? मी म्हणते. तू नुसतं आमेन म्हण.” त्यांच्या हाताला लसणाचा वास होता, तो मला अजून आठवतो. मी आमेन म्हटलं, तेही रडतच. मार्कच्या शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायातला आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो ना, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. येशूनं त्याला परत पाठवलं नाही, त्याच्या मुलाला बरं केलं.

म्हणून या आठवड्यात एकटे राहू नका. घरात किंवा चर्चच्या मंडळीत कुणाला तरी सांगा, “मला प्रार्थना म्हणवत नाही, तुम्ही म्हणा.” आणि ‘विश्वास असता तर आजार आलाच नसता’ असं कोणी ऐकवलं तर ते मनावर घेऊ नका. बायबलमधल्या ईयोबावर संकटं आली तेव्हा त्याच्या मित्रांनी असलंच काही ऐकवलं आणि शेवटी देवाचा राग ओढवून घेतला. आधी सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसून होते, तेवढंच त्यांनी बरं केलं. डॉक्टर सांगतील ती औषधं, तपासण्या मात्र वेळेवर करा.

ह्यांचं ऑपरेशन झालं. अजून दर सहा महिन्यांनी तपासणी असते आणि आदल्या रात्री मला झोप लागत नाही. सासूबाई आता नाहीत. आता प्रार्थना हे म्हणतात आणि आमेन मी म्हणते.

ऑपरेशन कोणत्या दिवशी आहे ते इथे लिहा. त्या सकाळी आम्ही दोघं तुमच्या आईसाठी प्रार्थना करू.