आफ्रिकेतल्या झांबेझी नदीत टायगरफिश हा मासा गळाला लागतो, उडी मारतो आणि सुटतो, असं का? उपाय काय?

त्याचं तोंड जवळजवळ सगळं हाडाचं असतं, त्यामुळे गळ रुतत नाही, नुसता दातांत अडकतो. मग मासा पाण्याबाहेर उसळून डोकं झटकतो, दोरी क्षणभर सैल पडते आणि गळ निसटतो. झांबेझीवरचं करिबा सरोवर असो, ओकावांगो नदी असो की दक्षिण आफ्रिकेतलं जोझिनी धरण, सगळीकडे हीच रड. म्हणून आधी गळाची धार बघा: टोक नखावर हलकं टेकवून ओढलं तर ते घसरता कामा नये, तिथेच रुतायला हवं. ल्यूरसोबत (नकली आमिषासोबत) आलेले गळ बोथट वाटले तर सरळ बदला. मासा लागल्याचं जाणवलं की रॉडला जोरात मागे झटका द्या, एकदा नाही, दोन-तीनदा. त्यानंतर दोरी सतत ताणलेली ठेवा आणि मासा उडी घ्यायला लागला की रॉडचं टोक पाण्याकडे झुकवा.

तंगूस (नायलॉनची दोरी) थेट गळाला बांधू नका. वरचे-खालचे दात कात्रीसारखे एकमेकांत बसतात, तेव्हा मध्ये वीतभर पोलादी तार हवीच.

मात्र सर्कल हूक (टोक आत वळलेला गोल गळ) वापरत असाल तर रॉडला झटका अजिबात नको. कापेंटाचं आमिष (हा इवलासा मासा 1967-68 मध्ये टांगानिका सरोवरातून आणून करिबात सोडला, आता टायगरफिशचं ते आवडतं खाणं) घेऊन टायगरफिशला वळू द्या आणि नुसतं रील गुंडाळत राहा. एवढं करूनही काही सुटणारच.