शब्दांचा माग : बिलावरचं 'शॉडी'

प्रश्न : मॅडम, मी नवी पेठेतल्या एका दुकानात हिशेब लिहितो. चादरी, टॉवेल आमच्याकडे सोलापूरचेच असतात, पण थंडीच्या तोंडावर ब्लँकेटं पानिपतहून मागवतो. या खेपेच्या बिलावर मालाच्या रकान्यात 'शॉडी ब्लँकेट' असं छापून आलंय. दुकानातल्या एका पोरानं मोबाईलवर अर्थ काढला : निकृष्ट, टाकाऊ, वरवर चकचकीत. मालक म्हणाले, "बघ बे, चोरानं स्वतःच लिहून दिलंय!" व्यापाऱ्याला फोन लावला, तर तो हसायलाच लागला. म्हणाला, शॉडी म्हणजे शॉडी, त्यात काय विचारायचं? स्वतःच्या मालाला बिलावर शिवी कोण घालतं? आणि माल परत पाठवावा का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : माल ठेवायचा की परत पाठवायचा, ते ब्लँकेट हातात घेऊन ठरवा. बिलावरच्या शब्दावरून ठरवू नका, कारण तुमचा व्यापारी अगदी खरं बोलला आहे. शॉडी हे एका मालाचं नाव आहे, आणि पानिपतच्या बाजारात ते आजही त्याच अर्थानं चालतं. मोबाईलनं दाखवलेला अर्थही खोटा नाही, पण तो मागाहून आलेला आहे. मधल्या काळात या शब्दाची जी बदनामी झाली, तिचा धनी मात्र दुसराच आहे.

जुने लोकरी कपडे फाडून, पिंजून, त्याचा पुन्हा धागा काढायचा, त्या धाग्याचं आणि त्यापासून विणलेल्या कापडाचं नाव शॉडी. ही युक्ती इंग्लंडच्या यॉर्कशायर भागातल्या बॅटली गावच्या बेंजामिन लॉ नावाच्या माणसानं १८१३ च्या सुमारास बसवली, असं मानतात. नेपोलियनच्या लढायांचा तो काळ. सैन्याला कापड हवं आणि लोकर महाग. बॅटली आणि शेजारचं ड्यूजबरी, ही दोन्ही गावं पुढं या धंद्यावरच वाढली. युरोपभरातून चिंध्यांचे गठ्ठे यायचे, त्यांचे लिलाव व्हायचे. बायका ओळीनं बसून बटणं काढायच्या, अस्तर उसवायच्या, रंगांप्रमाणे ढीग लावायच्या. मग त्या चिंध्यांना तेल लावून त्या एका यंत्रात घालायच्या. यंत्रात पोलादी दात बसवलेलं पिंप गरगर फिरायचं आणि कापडाच्या चिंधड्या करून पुन्हा लोकर मोकळी करायचं. त्या यंत्राला कामगार 'डेव्हिल' म्हणत, म्हणजे सैतान. त्यातून उडणाऱ्या भुकटीला 'सैतानाची धूळ'. जुन्या मिलमधल्या ब्लोरूममध्ये, म्हणजे कापूस मोकळा करून झटकायच्या खात्यात, ज्यांनी दिवस काढले, त्यांना या नावात अतिशयोक्ती वाटणार नाही. आमचे सासरे तिथलेच. घरी आले की आधी अंगणात उभे राहून भुवया झटकायचे.

हा धंदा घाणेरडा होता, हेही सांगितलं पाहिजे. चिंध्या कुणाच्या अंगावरच्या, कुठल्या रोग्याच्या, कोण विचारतो? चिंध्या निवडणाऱ्या बायकांवाटे देवी पसरते आणि पहिला बळी त्यांचाच जातो, हे कार्ल मार्क्सनं 'भांडवल'मध्ये लिहून ठेवलंय.

आता शब्दाकडे वळू. छापील इंग्रजीत तो १८३२ च्या सुमारास दिसतो, पण कारखान्यात त्याआधीपासून बोलला जात असणार. मूळ कुठलं, यावर कोशकारांचं एकमत नाही. गळणं, झडणं या अर्थाचं जे 'शेड' हे इंग्रजी क्रियापद आहे, त्यातून तो आला असावा असा एक तर्क आहे : विणताना झडून खाली पडते ती लोकर. मला हा तर्क पटतो, कारण कामगार नावं देतात ती अशीच, डोळ्यांना दिसेल त्यावरून.

शॉडीला एक धाकटं भावंडही आहे, 'मंगो'. आपला आंबा नव्हे. शिंप्यांकडची कात्रणं आणि घट्ट विणीचं, आटलेलं लोकरी कापड फाडून जो आणखी आखूड तंतू निघतो, तो मंगो. याची गोष्ट मोठी झकास सांगतात. मुकादम म्हणाला, "मालक, हे यंत्रातून जात नाही." मालक गरजला, "इट मन गो!" यॉर्कशायरच्या बोलीत 'मन' म्हणजे 'पाहिजेच'. जायलाच पाहिजे! झालं, मालाचं नाव मंगो पडलं. ऐकायला छान आहे, पण मी पैज लावणार नाही. सोळा गावं मिळून सोलापूर झालं, हेही आपण लहानपणापासून ऐकत आलोय. शिलालेखांत मात्र गावाचं नाव सोन्नलगे असं सापडतं.

इथवर शॉडी हा शब्द निरुपद्रवी होता. ड्यूजबरीतला माणूस "मी शॉडीत आहे" असं सांगायचा, आपल्याकडे "मी सुतात आहे" म्हणतात तसं. त्याला त्यात लाज वाटत नव्हती. कुजबूज सुरू झाली ती शॉडी नव्या लोकरीत मिसळून, वरून दाबून, चकाकी आणून 'उत्तम ब्रॉडक्लॉथ', म्हणजे भारी लोकरी कापड, म्हणून विकायला लागले तेव्हा. ४ मार्च १८४२ रोजी फेरंड नावाचे एक खासदार ब्रिटिश संसदेत कापडाचा एक तुकडाच घेऊन आले. हे सैतानाच्या धुळीचं कापड आहे, असं सांगून त्यांनी ते भर सभागृहात हातानं टराटरा फाडलं. मला या माणसाच्या राजकारणात रस नाही, पण कापड पारखायची ही रीत सोलापूरकराला नक्की आवडेल.

खरा घात झाला तो अमेरिकेत. १८६१ च्या एप्रिलमध्ये तिथं यादवी युद्ध पेटलं आणि लिंकननं एका दमात ७५,००० स्वयंसेवक मागितले. एवढ्यांना गणवेश कुठून आणायचे? ठेकेदारांची चांदी झाली. लोकरीच्या भावानं पैसे घेतले आणि शॉडीचे कोट, पँट, ब्लँकेटं पुरवली. तंतू आखूड, पीळ कच्चा, वरची चमक दाबून आणलेली. पहिल्या जोरदार पावसात ते कपडे शिपायांच्या अंगावरच विरून गेले. १८६४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या मासिकानं या कापडाचं वर्णन 'कारखान्यातला केरकचरा कुटून, लाटून, चिकटवून कापडासारखा गुळगुळीत केलेला पदार्थ' अशा अर्थाचं केलं.

या दोन-तीन वर्षांत शब्दानं कूस बदलली. १८६२ पासून तो विशेषण म्हणून दिसू लागतो. नाव असलेला शब्द विशेषण झाला की त्याला कुठंही चिकटायला मोकळीक मिळते. काम शॉडी, घर शॉडी, वागणूक शॉडी. गंमत म्हणजे सुरुवातीला तो वस्तूंपेक्षा माणसांनाच जास्त चिकटला. युद्धाच्या ठेक्यांवर गबर झालेले, नव्या बग्ग्या उडवणारे, बायकोच्या अंगावर हिरे लटकवणारे जे लोक, त्यांना न्यूयॉर्कचे जुने श्रीमंत 'शॉडी' म्हणू लागले. त्यांच्या टोळीला नावही पडलं : 'शॉडीऑक्रसी'. आज हा शब्द कोशातच उरला आहे. माणसं मात्र आहेत.

आता माझं मत. कापडाचा यात काय दोष? शॉडी हे शॉडी म्हणून, शॉडीच्या भावात विकलं असतं तर गरिबाच्या अंगावर थंडीत एक पांघरूण आलं असतं, आणि तसं ते येतही होतं. दोष ठेकेदाराचा, बट्टा लागला मालाच्या नावाला. आपण सोलापूरकरांनी हे उलट्या बाजूनं भोगलंय. बाहेर कुठंतरी विणलेल्या, दोन धुण्यांत भुसभुशीत होणाऱ्या चादरीवर 'सोलापुरी' अशी चिठ्ठी लावून ती विकतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, सोलापुरीत आता राम राहिला नाही. म्हणून तर चादरीला भौगोलिक मानांकन घ्यावं लागलं. तुमच्या पानिपतच्या व्यापाऱ्यानं मालाचं खरं नाव बिलावर घातलंय, तेव्हा मालकांना म्हणावं, त्याला चोर म्हणू नका.

अमेरिकेनं पुढं चिठ्ठीचा कायदाच केला. १९३९ च्या कायद्यानुसार नवी लोकर आणि पुन्हा काढलेली लोकर वेगळी दाखवणं सक्तीचं झालं. १९८० मध्ये त्यातले जुने शब्द काढून 'रिसायकल्ड वूल' असा शब्द घातला. आता महागड्या दुकानांत तोच शब्द कोटाच्या कॉलरला लावून मिरवतात. माल तोच, चिंध्यांचा. आमच्या आजीच्या वाकळीला असली चिठ्ठी लावली असती तर काय भाव आला असता कोण जाणे!

बॅटली-ड्यूजबरीचा धंदा ओसरला आणि त्याचा मोठा वाटा पानिपतला आला. थंड देशांत टाकून दिलेले स्वेटर, कोट गठ्ठ्यांनी भारतात येतात. ते तसेच कपडे म्हणून बाजारात विकले जाऊ नयेत, म्हणून त्यांना आधी चिरा मारलेल्या असाव्या लागतात. मग तेच सगळं : बटणं, चेन काढणं, रंगांप्रमाणे ढीग, फाडणं, पिंजणं, कातणं. रंगवार निवडल्यामुळं पुष्कळदा वेगळं रंगवावंही लागत नाही. संकटकाळात वाटायची स्वस्त ब्लँकेटं बरीचशी अशीच तयार होतात. किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या कॉलेजच्या आवारात ब्लँकेटांचे गठ्ठे उतरले होते. एक राखाडी ब्लँकेट मी उन्हात धरून पाहिलं. लांबून सपाट राखाडी दिसणाऱ्या त्या कापडात लाल, निळे, मोरपंखी बारीक तंतू अडकलेले होते, कुणाकुणाच्या स्वेटरांतले. हाताला खरखरीत, वास तेलकट. पण रात्री उघड्यावर झोपणाऱ्याला त्याची ऊब पुरेशी होती.

आता तुमच्या गठ्ठ्याचं. एक ब्लँकेट उजेडात आडवं धरा. विरळ-दाट पट्टे दिसतात का पाहा. तळहातानं दहा-बारा वेळा घासा. थोडे केस निघणारच, झुबके निघाले तर मात्र बोलावं लागेल. कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा. केस जळल्यासारखा वास येऊन राख चुरगळली, तर लोकर आहे. वितळून काळा, कडक मणी झाला, तर ॲक्रिलिक किंवा पॉलिएस्टर. हल्ली या फाडीव धाग्यात तेच बरंच असतं. जे निघेल ते गिऱ्हाइकाला सांगून, त्या भावात विका. पाटीवर काय लिहायचं असा प्रश्न असेल, तर 'जुन्या लोकरीपासून' असं मराठीत लिहा. इंग्रजीत 'शॉडी' लिहाल तर मोबाईल घेतलेलं पोर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरी आहेच.

आणि हो, या धंद्यात शेवटी उरणारा चुराही वाया जात नसे. लोकरीत नत्र असतं आणि ते मातीत सावकाश सुटतं. यॉर्कशायरमध्ये रुबार्ब नावाची एक आंबट दांड्यांची भाजी पिकते, तिच्या शेतात हा चुरा खत म्हणून टाकत. त्या खतालाही शॉडीच म्हणत.

प्रश्न : आमचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा छोटा कारखाना आहे. गावातली सगळी माणसं आमच्या मालाला 'टर्किश टॉवेल' म्हणतात. यात तुर्कस्तानचा काय संबंध?
– एक यंत्रमागधारक

उत्तर : संबंध आहे, आणि सरळ आहे. तुर्कस्तानात बुर्सा या गावी हातमागावर फासे उभे राहिलेलं कापड विणत. हेन्री क्रिस्टी या इंग्रज प्रवाशानं त्याचा नमुना मायदेशी नेला. त्याच्या घराण्याचा कापडाचा कारखाना होता. तिथल्या सॅम्युएल होल्टनं तसं कापड विणणारं यंत्र जुळवलं आणि १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ते टॉवेल मांडले गेले. 'टर्किश' हे नाव तिथून चालत आलं. अशा फासेदार कापडाला 'टेरी' म्हणतात, तो शब्द बहुधा ओढलेला या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला असावा. तुमच्या मागावर ताण्याचे दोन बीम, म्हणजे रूळ, असतातच : एक ताणून धरलेला, एक ढिला सोडलेला. फणीच्या ठोक्याबरोबर ढिल्या ताण्याचे फासे उभे राहतात. बुर्साचा विणकर तेच हातानं करायचा. मानांकनात आपला माल 'सोलापूर टेरी टॉवेल' या नावानं नोंदलेला आहे, तेव्हा खोक्यावर 'टेरी' छापा, गावकऱ्यांना 'टर्किश' म्हणू द्या.