हॉर्न वाजला की हात थरथरतात

प्रश्न : पाच महिन्यांपूर्वी तुळजापूर रस्त्यावर धाकट्या भावाचा अपघात झाला. जखमा भरल्या, पण हॉर्न ऐकला की हात थरथरतात, रात्री तो किंचाळून उठतो. डॉक्टरांनी पीटीएसडी (मोठ्या धक्क्यानंतर मनात टिकून राहणारा आजार) सांगून सर्ट्रालिन सुरू केलं. दहा दिवसांत काहीच फरक नाही. गोळ्या बंद कराव्यात का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नको. या गोळीचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ, अस्वस्थता होते आणि इथेच बरेच जण औषध सोडतात. त्रास असेल तर डॉक्टरांना सांगा, डोस तेच बदलतील. झोपेची गोळी मात्र मनाने आणू नका.

खरा आधार मानसोपचाराचा. जिथे जाल तिथे स्पष्ट विचारा, ‘ट्रॉमा-केंद्रित सीबीटी किंवा ईएमडीआर करता का?’ पहिल्यात धक्क्याशी जोडलेले विचार आणि टाळाटाळ यांवर बोलून काम होतं, दुसऱ्यात डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने त्या आठवणींवर. साधारण 8 ते 12 बैठका लागतात. नुसतं ‘विसरून जा’ सांगणारा समुपदेशक असेल तर दुसरा शोधा. सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत चौकशी करा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत, मोफत, चोवीस तास बोलता येतं.

भीतीचा झटका आला की भावाला गदागदा हलवू नका. पाय फरशीवर टेकवायला सांगा, हळू आवाजात नाव, वार, जागा सांगा : ‘आज मंगळवार, आपण घरी आहोत.’ अपघात पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. पण घरातच कोंडूनही ठेवू नका, टाळल्याने भीती मुरते. रस्त्यावर परत कधी, किती जायचं, हे थेरपिस्टबरोबर ठरवा. मरणाची भाषा आली, तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.