स्टिक सारखी बंद पडतेय? आधी वायर बघ

भावा, टीव्हीवर नेटवरचे पिक्चर बघायला एचडीएमआयत लावतात ती नवी स्ट्रीमिंग स्टिक बंद-चालू होतेय म्हणून लगेच दुकानात परत द्यायला निघू नकोस. आधी टीव्हीच्या मागं वाकून बघ, वायर कुठं लावलीयस. टीव्हीच्याच यूएसबीत असेल तर दुखणं बहुतेक तिथंच आहे. जुन्या टीव्हीचा यूएसबी ०.५ अँपिअर देतो, स्टिकला साधारण १ अँपिअर लागतो. मग पिक्चर लावला की स्क्रीन काळी, लोगो, परत काळी. माझे असेच पंधरा दिवस गेले, आणि सोबत आलेला अडॅप्टर खोक्यातच पडून!

दुसरं वायफाय. आमचं घर सांगलीत गावभागात, जुना वाडा, भिंती दीड हात जाड. राउटर सोप्यात, टीव्ही माजघरात. वायफायचे दोन बँड असतात, ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ. ५ चा सिग्नल तिथवर पोचतच नव्हता, स्टिक २.४ वर आणली तेव्हा स्क्रीनवरचं ते लोडिंगचं गोल फिरायचं थांबलं. वेग थोडा कमी मिळतो, पण एचडीला ५ एमबीपीएस पुरतात. स्टिक टीव्हीच्या पाठीला चिकटली असेल तर मध्ये छोटी एचडीएमआय एक्स्टेंशन वायर लाव. सिग्नल सुधारतो, तापतेही कमी.

एकच ॲप अडकत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन त्याची कॅशे, म्हणजे साठलेला तात्पुरता डेटा, साफ कर. शेजारचं 'क्लिअर डेटा' दाबू नकोस, परत लॉगिन करत बसशील. रिमोट चालेना तर आधी सेल बदल. फॅक्टरी रीसेट, म्हणजे सगळं पुसून स्टिक नव्यासारखी करणं, अगदी शेवटी, तेही सगळे पासवर्ड वहीत उतरवल्यावर. आमच्या दादांनी न विचारता केलं, आणि मग रात्री अकराला पुण्याला पोरीला फोन, "अगं, तो पासवर्ड काय होता?"