मारवाडी घोडीचं खोगीर घाट चढताना मागे सरकतं आणि ती मान वर फेकते. दुकानदार ब्रेस्टप्लेट आणि मार्टिंगेलचा जोडसेट घ्या म्हणतोय. कोणतं घ्यावं, कसं बसवावं?

तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या आहेत, आणि दुकानदार त्या एकाच सेटमध्ये मिटवायला बघतोय. खोगीर सरकतं त्यावर ब्रेस्टप्लेट, म्हणजे खोगीर मागे जाऊ न देणारे छातीवरचे पट्टे. मान वर जाते त्यावर मार्टिंगेल, म्हणजे मान फार वर जाऊ न देणारा पट्टा. दोन्हींचा जोडसेट जरूर घ्या, पण सुरुवातीला मार्टिंगेलचा भाग काढून ठेवा. मागे सरकलेलं खोगीर घोडीच्या कमरेवर भार टाकतं, आणि पाठ दुखायला लागली की ती मान वर करणारच. खोगीर जागेवर राहिल्यावर काय फरक पडतो ते आधी काही दिवस बघा.

त्याच्याही आधी खोगीर तिच्या पाठीला बसतंय का हे तपासा. रुंद पाठीच्या घोड्याचं खोगीर अरुंद घोडीवर टाकलं तर ब्रेस्टप्लेट ते थांबवेल, पण सगळी ओढ छातीवर येऊन तिथे कातडी सोलवटेल. तंगही (पोटाखालून खोगीर बांधणारा पट्टा) निघताना एकदाच आवळून भागत नाही. थोडं चालवून पुन्हा बघावा लागतो, कारण बरेच घोडे तंग बांधताना पोट फुगवतात.

घाटासाठी मी वाय आकाराची ब्रेस्टप्लेट घेईन. तिचा एक पट्टा मानेभोवती, एक पुढच्या पायांमधून तंगाला आणि दोन छोटे पट्टे खोगिराला. पोलोच्या मैदानावर छातीवरून आडवा जाणारा पट्टा दिसतो. तोही पकड चांगली देतो, पण वर सरकला तर श्वासनलिका दाबतो आणि खाली आला तर खांद्याच्या सांध्याला अडवतो. लांब चढावर मला तो नको वाटतो.

खोगीर ठेवून तंग बांधल्यावरच मापं घ्या. मानेच्या मुळाशी जो उंचवटा आहे तिथे पट्ट्याखाली तळहात उभा मावला पाहिजे आणि छातीवरच्या कडीखाली मूठ. पायांमधला पट्टा किंचित सैल असू द्या, पण पाय दुमडताना त्यात अडकेल इतका लोंबता नको. मग मोतद्दाराला (घोडी सांभाळणाऱ्याला) तिचा एकेक पुढचा पाय उचलून पुढे ताणायला सांगा आणि तुम्ही बाजूला उभं राहून बघा. पट्टा खांद्यावर ताठ झाला तर तो आखूड आहे. सपाटीवर ब्रेस्टप्लेट नुसती टेकलेली असावी, ताण फक्त चढावर यावा.

एका गोष्टीकडे फार कमी लोक बघतात. खोगिराच्या पुढच्या छोट्या कड्या बऱ्याच वेळा नुसत्या छोट्या खिळ्यांवर तगलेल्या असतात. सामान अडकवायला त्या ठीक, पण घाटातली ओढ त्यांच्यावर टाकू नका. पट्टा रिकीब (पाय ठेवायची कडी) जिथे अडकवतात त्या लोखंडी बारला किंवा तंगाच्या पट्ट्यांना जोडता येतो, तसा जोडून घ्या.

एवढं करूनही मान फेकत असेल तर आधी पशुवैद्याकडून दात दाखवून घ्या. वरच्या दाढांच्या बाहेरच्या आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडा धारदार होतात, गाल आणि जीभ कापतात. बिट (लगामाचा तोंडात राहणारा लोखंडी भाग) तपासा, आपला हात जड आहे का तेही कुणाला तरी बघायला सांगा. मार्टिंगेल मानेला वरची हद्द घालून देतं, दुखणं बरं करत नाही.

मार्टिंगेल लावायचंच तर ते रनिंग प्रकारचं हवं, ज्याच्या दोन कड्यांतून लगाम जातो. मारवाडीची मान मुळातच उंच असते आणि बसवताना चूक नेमकी इथे होते. डोकं खाली धरून माप घेतलं तर घोडी साधी चालतानाही लगाम खाली ओढला जातो. तिला तिच्या नेहमीच्या ऐटीत उभी करा आणि पट्टे वर उचला. कड्या जबड्याखाली गळ्यापर्यंत पोचायला हव्यात. हातापासून बिटापर्यंत लगामाची रेष सरळ राहिली तर माप बरोबर. लगामावर बिटाच्या अलीकडे रबरी किंवा चामडी स्टॉप (कडी पुढे जाऊ न देणारे तुकडे) हवेतच. ते नसतील तर कडी लगामाच्या बकलात अडकते आणि घाबरलेली घोडी सरळ मागच्या पायांवर उभी राहते.

नोजबँडला (नाकावरच्या पट्ट्याला) बांधतात ते स्टँडिंग मार्टिंगेल घाटात वापरू नका. ठेच लागली की घोडं तोल सावरायला डोकं वर घेतं, आणि हा पट्टा नेमकं तेच रोखतो. पोलोत ते सर्रास चालतं. आंतरराष्ट्रीय शो-जंपिंगमध्ये मात्र रनिंगलाच परवानगी आहे, आणि ड्रेसाजमध्ये (घोड्याच्या शिस्तबद्ध हालचालींची स्पर्धा) कोणतंच मार्टिंगेल चालत नाही.

कानपूरचं चांगलं चामडं पुरेसं आहे, परदेशी मालाची गरज नाही. फक्त शिवण आणि बकलापाशी पडणाऱ्या घड्या बघून घ्या. पावसाळ्यात चामड्यावर बुरशी धरते आणि दोरा आतून कुजतो, त्यामुळे प्रत्येक टाका ओढून बघा. आणि वाटेत खोल पाण्याचा ओढा किंवा नदी लागणार असेल तर उतरण्याआधी मार्टिंगेल सोडून ठेवा, पोहताना तिला डोकं मोकळं लागतं.