शेततळ्यातल्या माशांना उवा

प्रश्न : प्लास्टिक कागदाच्या शेततळ्यात रोहू-कटला आहेत. मासे कडेला अंग घासतात, अंगावर लाल ठिपके आहेत. पाणी गर्द हिरवं झालंय. औषध कोणतं टाकावं?
– एक वाचक, कवठेमहांकाळ (जि. सांगली)

उत्तर : आधी एक मासा हातात घ्या. पंखांच्या बुडाशी मसुरीएवढा चपटा, पारदर्शक किडा सरकताना दिसला तर ती माशांची ऊ, आर्ग्युलस.

मूळ दुखणं पाण्यात आहे. शेण आणि उरलेलं खाद्य कुजून अमोनिया वाढतो, पहाटे ऑक्सिजन घटतो, मासा अशक्त होतो आणि उवांचं फावतं. कोपरापर्यंत हात बुडवल्यावर तळवा अंधुक दिसायला हवा. मनगटाशीच दिसेनासा झाला तर शेण बंद करा, खाद्य 3-4 दिवस थांबवा, चौथाई पाणी बदला. चुना गुंठ्याला 2 किलो, भिजवून, गार करून. पण पाण्याचा सामू (pH) 8.5 च्या वर असेल तर मुळीच नको, अमोनिया अधिक विषारी होतो.

ऊ अंडी कडक पृष्ठभागावर चिकटवते. म्हणून तळ्यात बांबू उभे ठेवा, दर आठवड्याला काढून उन्हात खडखडीत वाळवा. हा उपाय फुकटचा, तरी सगळ्यात दुर्लक्षित!

पकडलेले मासे 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून 2-3 मिनिटं बुडवा. मासा कलंडला की लगेच काढा. नवी बोटुकली (बोटाएवढं माशाचं पिल्लू) ही अशीच बुडवून सोडा, पण तिला 1 मिनिट पुरे.

द्राक्षबागेतलं कीटकनाशक तळ्यात टाकू नका. उवांसोबत मासेही जातील.